र्‍योकानला दुपारी तीनला पोहोचा

मागच्या अंकात जपानी रेल्वेबद्दल लिहिताना ओघात र्‍योकानचा, म्हणजे तिथल्या पारंपरिक मुक्कामघराचा, विषय निघाला आणि पत्रांची रीघ लागली. सगळ्यांना उत्तरं देणं जागेअभावी शक्य नाही. ज्यांच्या प्रश्नात इतरांचेही प्रश्न येऊन जातात अशी काही पत्रं निवडली आहेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते : नागोयाकडच्या कारखान्यांत पुण्याहून येणाऱ्या इंजिनीअर मंडळींची मी दुभाषी होते, पुढे मराठी पाहुण्यांना घेऊन जपानभर हिंडले. त्यामुळे माझी उत्तरं थोडी मास्तरीण छापाची असतात. सवय करून घ्या.

प्रश्न : आम्ही दोघं (वय 58 आणि 55) वसंतात स्वतःच आखणी करून जपानला निघालोय. तोक्योजवळच्या हाकोनेला एक रात्र र्‍योकानमध्ये काढायची आहे. दर 44,000 येन दिसतोय. भाचा म्हणतो, तोक्योत 12,000 येनला दोघांची खोली मिळते, मग जमिनीवर झोपायला एवढे पैसे कशाला? दिवसभर हाकोने बघून रात्री साडेआठपर्यंत तिथे पोहोचू. हे पैसे वसूल होतील का? — सांगलीहून एक वाचक

उत्तर : साडेआठला पोहोचणार असाल तर भाचा बरोबर आहे. हॉटेलातच राहा.

आधी पैशांचं बघू. र्‍योकानचा दर खोलीमागे नसतो, माणशी असतो. तुमचे 44,000 म्हणजे माणशी 22,000 येन. येनचा भाव रोज हलतो, पण 100 येनला 55 ते 60 रुपये धरले तर माणशी बारा-तेरा हजार रुपये झाले. यात खोली, रात्रीचं जेवण, सकाळची न्याहारी आणि हवी तितक्या वेळा गरम झऱ्याच्या पाण्यातली अंघोळ, सगळं आलं. 'इप्पाकु निशोकु', एक रात्र दोन जेवणं, हीच तिथली मूळ पद्धत. त्या तोडीचं नुसतं रात्रीचं जेवण क्योतोच्या एखाद्या चांगल्या ठिकाणी घेतलंत तरी माणशी दहा हजार येन सहज जातात. वर झऱ्याच्या गावी 'न्यूतोझेइ' म्हणून स्नानकर लागतो, बहुतेक ठिकाणी माणशी 150 येन. तो बिलात दिसला की दचकू नका.

आता वेळेचं. खोली दुपारी तीनला मिळते, सकाळी दहाला सोडावी लागते. रात्रीचं जेवण सहा किंवा साडेसहाला. स्वयंपाकघर तुमच्या दोन ताटांसाठी दुपारपासून राबत असतं, दहा-बारा पदार्थ एकामागून एक, गरम ते गरम आणि गार ते गार यावेत असा त्यांचा बेत असतो. सातनंतर येणाऱ्याला बरीच र्‍योकानं जेवण देतच नाहीत, आणि तसं आरक्षणातच लिहिलेलं असतं. रात्री साडेआठला जाणं म्हणजे अक्षता पडून, पंगती उठून गेल्यावर लग्नाला पोहोचणं.

तीनला पोहोचलात तर काय होतं, ते सांगते. दारातल्या खोलगट जागेत बूट काढायचे. तुम्ही आत वळलात की ते बूट कुणीतरी दाराकडे तोंड करून लावून ठेवतं. खोलीवर नेणारी बाई, तिला 'नाकाइ-सान' म्हणतात, गुडघे टेकून दार सरकवते, चहा करून देते, सोबत त्या गावची एखादी मिठाई. जेवण किती वाजता, न्याहारी किती वाजता, स्नानगृह कुठे, हे विचारून-सांगून ती जाते. मग अंगावरचे कपडे उतरवून युकाता घालायचा. सुती, झग्यासारखा, पट्ट्याने बांधायचा. डावी बाजू वर, उजवी आत. उलटं फक्त मृतदेहाला नेसवतात, त्यामुळे आरशात एकदा बघा. याच युकात्यात अंघोळीला जायचं, याच्यातच जेवायचं, याच्यातच झोपायचं. मग पहिली अंघोळ. मग खिडकीजवळच्या दोन खुर्च्यांवर नुसतं बसणं. जेवण. जेवणाला गेलात तेवढ्यात खोलीतलं ठेंगणं टेबल बाजूला सरकवून कुणीतरी गाद्या घालून गेलेलं असतं. झोपण्यापूर्वी परत एक अंघोळ, पहाटे तिसरी. पैसे वसूल होतात ते या अठरा-एकोणीस तासांत. गादी हा त्यातला लहानसा भाग आहे, आणि जाता जाता सांगते, ती जाड असते, पाठ दुखत नाही.

हाकोनेची देवळं, तलाव, केबल कार दुसऱ्या दिवशी करा. तोक्योतल्या शिंजुकू स्टेशनहून रोमान्सकार गाडी दीड तासाच्या आत हाकोने-युमोतोला पोहोचवते. स्टेशनवरच सामान र्‍योकानला पाठवायची सोय आहे. मोठ्या बॅगा तर तोक्योच्या हॉटेलातून 'ताक्क्यूबिन'ने, म्हणजे सामान पोचवणाऱ्या कुरिअरने, थेट पुढच्या गावी पाठवून द्या, सहसा दुसऱ्या दिवशी मिळतात. एका पाठपिशवीवर र्‍योकानला जा.

आणि भाच्याला हेही सांगा : यामानाशीतलं केइउनकान हे र्‍योकान इ. स. 705 मध्ये सुरू झालं असं मानतात, गिनीजमध्ये जगातलं सर्वांत जुनं हॉटेल म्हणून त्याची नोंद आहे. आवाझूचं होशी 718 चं. तेव्हा आपल्याकडे बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं. इतकी वर्षं लोक जमिनीवर झोपायला पैसे देताहेत ते उगाच नाही.

प्रश्न : आई (वय 67) पूर्ण शाकाहारी, अंडंही नाही. चातुर्मासात कांदा-लसूण सोडते आणि आम्ही नेमके श्रावणात जातोय. र्‍योकानला ईमेल केली तर उत्तर आलं की भाज्यांचं जेवण देऊ. तरी एका मैत्रिणीने घाबरवलंय की जपानमध्ये भाजीतही मासा असतो. हे खरं का? — नाशिकहून एक वाचक

उत्तर : मैत्रीण खरं बोलतेय. घाबरायचं मात्र कारण नाही, आधी बोलायचं कारण आहे.

जपानी स्वयंपाकाचा पाया 'दाशी' नावाचं पाणी. बहुतेक वेळा ते कोम्बू हे समुद्री शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे धुरावून वाळवलेल्या बोनिटो माशाचे पापुद्रे, यांचं करतात. मिसो सूपमध्ये दाशी, उकडलेल्या भोपळ्यात दाशी, पालकावर ओतलेल्या पाण्यात दाशी, तेम्पुरा, म्हणजे तिथली भजी, बुडवायच्या सॉसमध्ये दाशी. थंड तोफूवर तेच पापुद्रे भुरभुरवलेले, आणि वाफेमुळे हलतात ते, म्हणून आईंच्या लगेच लक्षात येईल. नात्तो, म्हणजे आंबवलेलं सोयाबीन, त्याच्या पुडीतल्या सॉसमध्येही माशाचा अर्क असतो. जपानी आचाऱ्याच्या लेखी हे मीठ घालण्याइतकं साधं आहे. 'भाज्यांचं जेवण' म्हटल्यावर ताटात माशाचा तुकडा नसणार एवढं तो कबूल करतो. दाशीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून त्यानेही काही सांगितलं नाही. यात फसवणूक नाही.

म्हणून परत ईमेल करा आणि नकाराबरोबर पर्यायही द्या. हे वाक्य जसंच्या तसं पाठवा किंवा फोनवर वाचा : "निकु, साकाना, तामागो वा ताबेमासेन. कात्सुओ-दाशी मो ताबेरारेमासेन. कोम्बू-दाशी नारा दाइज्योबु देस." मांस, मासे, अंडी खात नाही, बोनिटोची दाशीही चालत नाही, कोम्बूची चालेल. कांदा-लसणासाठी पुढे "तामानेगी तो निन्निकु मो दामे देस" जोडा. यातलं कोम्बूचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं, कारण नुसतं 'नाही नाही' ऐकून आचारी हात टेकतो, पण 'कोम्बू चालेल' म्हटलं की त्याला वाट सापडते. कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची दाशी त्याला ठाऊक असतेच.

हे आरक्षण करतानाच करा, निदान आठ-दहा दिवस आधी तरी. आयत्या वेळी सांगून काही होत नाही, कारण ताट आधीच ठरलेलं असतं. उत्तरात "थोडं अवघड आहे" असं आलं तर ते 'प्रयत्न करतो' असं वाचू नका. तो नकार आहे. आभार मानून दुसरं ठिकाण शोधा. लहान र्‍योकानं पुष्कळदा नाही म्हणतात, आणि मला ते प्रामाणिकपणाचं वाटतं. तोंडदेखलं हो म्हणून ताटात नुसता भात आणि लोणचं ठेवणारी ठिकाणंही असतात.

आईंसाठी मी तर सरळ कोयासान सुचवेन. इ. स. 816 मध्ये कूकाई या आचार्यांनी वसवलेला हा डोंगर, साधारण 800 मीटर उंच, वर शंभरावर मंदिरं आणि त्यांतली पन्नासेक मंदिरं पाहुण्यांना मुक्कामाला घेतात. या मंदिर-निवासांना 'शुकुबो' म्हणतात. जेवण शोजिन, म्हणजे भिक्षूंचं : मांस-मासे नाहीत, अंडं नाही आणि परंपरेने कांदा-लसणासारखे उग्र वासाचे पदार्थही नाहीत. आईंचा चातुर्मास तिथे कुणी न सांगता पाळला जाईल. तरी आरक्षणात एकदा विचारून खात्री करा, कारण हल्ली पाहुण्यांना आवडेल म्हणून काही ठिकाणी थोडी ढिलाई असते. जैन वाचकांनी मात्र लक्षात घ्यावं की गाजर, मुळा, बटाटा हे कंद सर्रास असतात.

ताट कसं असतं? लाखेचे लहान चौरंग, प्रत्येकावर चार-पाच वाट्या. एका वाटीत गोमादोफू. नावात तोफू असलं तरी सोयाबीनचा पत्ता नाही, तीळ वाटून कुझू नावाच्या कंदाच्या सत्त्वात शिजवून थापलेली मऊ वडी, वर वासाबीचा ठिपका. दुसऱ्या वाटीत कोयादोफू, थंडीत गोठवून वाळवलेला आणि मग रसात मुरवलेला. तो चावला की स्पंजासारखा रस सुटतो. भाज्यांचा तेम्पुरा, लोणचं, भात, सूप. माझ्या सासूबाई बाहेरच्या जेवणाबद्दल फार कडक होत्या. त्यांनी गोमादोफू परत मागितला, पण तो दुसऱ्यांदा मिळत नाही. मोजूनच केलेला असतो.

शुकुबोत आराम कमी, हे धरून चाला. भिंती कागदाच्या, न्हाणीघर बहुधा सामाईक, जेवण संध्याकाळी साडेपाच-सहाला, दारं रात्री लवकर बंद. पहाटे सहा-साडेसहाच्या प्रार्थनेला जा. काही मंदिरांत अग्नीत आहुती देतात, तो आपला होमच, बौद्ध धर्माबरोबर चीनमार्गे तिथे गेलेला. आईंना काही समजावून सांगावं लागणार नाही. ओसाकाच्या नाम्बा स्टेशनवरून नानकाई रेल्वेने गोकुराकुबाशी, तिथून पाच मिनिटांची केबल कार, वर बस. ऑगस्टमध्ये खाली ओसाका घामाने निथळत असताना वर गारवा असतो, हा वरकड नफा.

प्रश्न : विचारायला लाज वाटते. सासूबाई, नणंद आणि मी असं तिघींचं जायचं ठरतंय. ओनसेनमध्ये, म्हणजे गरम झऱ्याच्या स्नानगृहात, म्हणे सगळ्यांनी मिळून काहीही न घालता अंघोळ करायची. पोहण्याचा पोशाख चालतो का? — ठाण्याहून एक वाचक

उत्तर : चालत नाही. आणि लाजायचं काही नाही, याच प्रश्नाची सर्वांत जास्त पत्रं आली आहेत, त्यांत पुरुषांचीही.

बायकांचं आणि पुरुषांचं स्नानगृह वेगळं. दारावर कापडी पडदा असतो, बहुतेक ठिकाणी बायकांचा लाल, पुरुषांचा निळा. पडद्यावरची अक्षरं मात्र ओळखून ठेवा, कारण पुष्कळ र्‍योकानांत रात्रीतून पडदे बदलतात, म्हणजे दोन्ही स्नानगृहांची मजा सगळ्यांना मिळावी. काल संध्याकाळी गेलो ते दार आज सकाळी आपलं असेलच असं नाही.

आता पर्याय. पहिला, 'काशिकिरी', म्हणजे पाऊण-एक तासासाठी आपल्यापुरतं घ्यायचं बंद स्नानगृह. कुठे फुकट, कुठे दोन-चार हजार येन. तिघी पाळीपाळीने जा. दुसरा, खोलीलाच जोडलेलं कुंड असलेली खोली, महाग पडते. तिसरा, मोठ्या स्नानगृहात वेगवेगळ्या वेळी जाणं : सासूबाईंना पहाटे साडेपाचला जाऊ द्या (त्या तशाही उठतातच), नणंदेला जेवणाआधी, आणि तुम्ही रात्री दहानंतर. जपानी बायका दुसरीकडे बघतही नाहीत. एका लहान टॉवेलने पुढून झाकून चालायचं, एवढा आडोसा सगळ्याच घेतात.

रीत अशी. कपडे टोपलीत. आत बसके स्टूल आणि हातात धरायचे शॉवर असतात, तिथे बसून, उभं राहून नव्हे, साबणाने स्वच्छ अंघोळ. साबणाचा फेस पूर्ण गेला पाहिजे, स्टूलही धुऊन ठेवायचं. केस लांब असतील तर वर बांधायचे, पाण्यात लोंबता कामा नयेत. मग कुंडात. कुंड हे अंग धुण्यासाठी नसतं, धुतलेलं अंग शेकण्यासाठी असतं. सगळं गाव त्याच पाण्यात उतरतं, म्हणून हे कडक नियम. लहान टॉवेल पाण्यात बुडवायचा नाही, घडी करून डोक्यावर ठेवतात. पाणी साधारण 40 ते 42 अंश. पहिल्यांदा पाच मिनिटं पुरे, नंतर बाहेर बसा, पाणी प्या. सासूबाईंना रक्तदाबाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारूनच, आणि उठताना कठड्याला धरून हळू उठायचं. पाळी चालू असताना सामाईक कुंडात उतरत नाहीत. तेवढे दिवस खोलीतलं न्हाणीघर वापरा.

वज्रेश्वरीला किंवा राजापूरजवळच्या उन्हाळे गावच्या कुंडावर आपल्या आज्या जातच होत्या, फक्त त्यांच्या अंगावर लुगडं असायचं. बाकी गरम पाण्यात उतरल्यावर बायका ज्या मोकळेपणाने बोलायला लागतात ते दोन्हीकडे सारखंच. सासू-सुनांनी हा प्रयोग एकत्र करावाच असं मात्र मी म्हणणार नाही. काही गोष्टी अर्धवट झाकलेल्याच बऱ्या.

प्रश्न : दंडावर 'आई' असं गोंदवलंय. जपानमध्ये टॅटू असलेल्यांना हाकलून देतात असं वाचलं. — डोंबिवलीहून एक वाचक

उत्तर : हाकलत नाहीत, सामाईक स्नानगृहात घेत नाहीत, आणि तेही सगळीकडे नाही. अंगभर गोंदवणं हे तिथे याकुझा या गुन्हेगारी टोळ्यांचं लक्षण मानलं जातं, त्यामुळे ही मनाई. 'आई'चा अर्थ दारावरच्या माणसाला कळणार नाही. लहान असेल तर कातडीच्या रंगाचा चिकटपट्टा लावून चालवून घेतात, पण आधी विचारा. काशिकिरी स्नानगृहात प्रश्नच येत नाही. आणि ह्योगोतल्या किनोसाकीला जा, तिथल्या सार्वजनिक स्नानगृहांत टॅटू चालतो.

किनोसाकीबद्दल दोन ओळी जास्तीच्या, कारण माझं ते लाडकं गाव. तिथे सगळं गावच एक र्‍योकान आहे असं समजून वागतात. मुक्काम कुठेही असो, पाहुण्याला सात सार्वजनिक स्नानगृहांचा पास फुकट मिळतो. संध्याकाळी सगळे युकाता आणि खडावांसारख्या लाकडी गेता घालून कालव्याकाठच्या रस्त्यावरून एका स्नानगृहातून दुसऱ्यात चाललेले, गेतांचा खटखट आवाज गल्लीभर. प्रत्येक स्नानगृहाला आठवड्याची सुट्टी ठरलेली असते, त्यामुळे एका दिवसात सातही होतीलच असं नाही. 1925 च्या भूकंपात आणि आगीत हे गाव बेचिराख झालं होतं, आजचं रूप नंतर उभारलेलं. क्योतोहून थेट गाडीने अडीच तास. नोव्हेंबर ते मार्च खेकड्याचा हंगाम, दर चढतात आणि जेवणात खेकड्याशिवाय काही सुचत नाही. खेकडा खाणाऱ्या मालवणी मंडळींनी तेव्हाच जावं, शाकाहाऱ्यांनी तेव्हा टाळावं.

प्रश्न : दोन्ही गुडघ्यांना त्रास. मांडी घालता येत नाही, जमिनीवरून उठता येत नाही. मुलगी म्हणते र्‍योकानला चलाच. — कोल्हापूरहून एक वाचक

उत्तर : जा. आरक्षण करताना 'वायो' खोली मागा : अर्धी ताताम्यांची, म्हणजे गवताच्या चटयांची, अर्धी पलंगांची. जेवण खोलीत न मागता भोजनगृहात मागा, तिथे हल्ली खुर्ची-टेबल असतंच. वयस्क जपानी माणसांचेही गुडघे दुखतात हो, म्हणून पुष्कळ र्‍योकानांनी ही सोय केली आहे. खोली तळमजल्यावर किंवा लिफ्टजवळ आहे का, हे जरूर विचारा. जुन्या लाकडी इमारतींत लिफ्ट नसते. संडास बहुतेक ठिकाणी कमोडचाच असतो. एक लक्षात ठेवा, संडासासाठी वेगळ्या सपाता असतात, त्या तिथेच सोडून यायचं. ताताम्यांवर तर कुठल्याच सपाता नाहीत. आणि भिंतीतल्या कोनाड्यासारख्या उंच जागेवर, जिथे चित्र आणि फूल असतं, तिथे बॅग ठेवायचा मोह होईल. ठेवू नका. ती खोलीतली मानाची जागा आहे.

प्रश्न : मुलगा तोक्योतल्या निशी-कासाईला राहतो, तिथे सगळं मराठी मंडळ आहे. आम्ही भावंडं मिळून नऊ जण जातोय. र्‍योकानच्या खोलीत छोट्या कुकरमध्ये खिचडी लावली तर चालेल ना? मुलांनाही सोबत झोपवायचंय. आणि टिप किती द्यायची? — साताऱ्याहून एक वाचक

उत्तर : कुकर नको. लाकूड, कागद आणि वाळल्या गवताची खोली, शिट्टी वाजल्यावर शेजारच्या खोलीत काय होईल याची कल्पना करा. फोडणीचा वास ताताम्यांत मुरला की दिवसेंदिवस जात नाही. बाहेरचं खाणं आणायला बऱ्याच ठिकाणी मनाई असते, ती खास करून वास येणाऱ्या पदार्थांना. डब्यात शेंगदाण्याची चटणी किंवा मेतकूट असलं तर कुणी झडती घेत नाही, न्याहारीच्या भातावर घाला. खिचडी निशी-कासाईला मुलाच्या घरी.

शिवाय तिथे जेवणात गंमत असते ती कुकरने हुकेल. प्रत्येकाच्या पुढ्यात एक छोटी शेगडी, तिच्यात मेणासारखी निळसर वडी. नाकाइ-सान ती पेटवून जाते. वरच्या भांड्यात भात किंवा तोफू. वडी जळून विझते तेव्हा पदार्थ शिजलेला असतो, वीसेक मिनिटांत. घड्याळ लागत नाही, कुणी ढवळायला येत नाही. झाकण मध्येच उघडायचा मोह तेवढा आवरा. आमच्याबरोबरच्या एका काकांनी तीनदा उघडलं आणि अर्धकच्चा भात खाल्ला.

नऊ जणांना एकच मोठी खोली मिळेल असं समजू नका, बहुतेक दोन किंवा तीन घ्याव्या लागतील. मुलांचा दर कमी असतो, जेवण आणि गादी घेतली की नाही त्यावर ठरतो, म्हणून प्रत्येक मुलाचं वय लिहून कळवा. लंगोट वापरणाऱ्या मुलांना सामाईक कुंडात नेत नाहीत. साधारण सात वर्षांपासून पुढच्या मुलाला आईबरोबर बायकांकडे नेता येत नाही, वडिलांना किंवा काकांना सोबत पाठवा. आणि रात्री नऊनंतर पत्त्यांचा डाव जरा हळू आवाजात.

टिपेचंही तुमच्याच पत्रात आहे : द्यायची गरज नाही, सेवाशुल्क दरातच असतं. काहीतरी द्यावंसंच वाटलं तर घरून नेलेला चिवड्याचा किंवा काजूचा बंद पुडा दोन्ही हातांनी द्या. नोट हातात कोंबू नका, बाई अवघडून जाते.

प्रश्न : मी पुण्यात जपानी शिकते, उन्हाळ्यात तीन आठवडे फिरणार आहे. र्‍योकान परवडणार नाही. काही स्वस्तातला मार्ग? — पुण्याहून एक विद्यार्थिनी

उत्तर : आहेत, तीन. 'मिन्शुकु' शोध : घरगुती, एखादं कुटुंब चालवतं, गादी बहुधा स्वतः घालायची, जेवण घरचं. दर र्‍योकानच्या निम्म्याच्या आसपास, आणि तुझ्या जपानीचा सराव मोठ्या र्‍योकानपेक्षा इथे दुपटीने होईल, कारण आजीबाईंना इंग्रजी येत नाही. दुसरा, र्‍योकानमध्येच 'सुदोमारी', म्हणजे जेवणाशिवाय मुक्काम. आठवड्याच्या मधल्या दिवशी दर उतरतात, शनिवार टाळ. एकट्या पाहुण्याला काही ठिकाणी नकार मिळतो किंवा जास्त दर लागतो, कारण हिशेब दोघांच्या खोलीचा असतो. मैत्रीण सोबत असेल तर दोघींचं भागेल.

तिसरा, 'हिगाएरी' : मुक्काम नाही, नुसती अंघोळ. क्यूशू बेटावर कुरोकावा नावाचं डोंगरातलं गाव आहे, तिथे वीस-तीस र्‍योकानं नदीच्या दोन्ही काठांना. गावात लाकडाची गोल चकती विकत मिळते, ती दाखवून तीन र्‍योकानांच्या कुंडांत उतरता येतं. फुकुओका किंवा कुमामोतोहून बस. दुपारी बाराच्या आधी पोहोच, कारण संध्याकाळी कुंडं मुक्कामाच्या पाहुण्यांसाठी राखून ठेवतात. टॉवेल स्वतःचा ने, तिथे विकत घ्यावा लागतो. परतीची बस ठरलेल्या वेळीच सुटते आणि तिची जागा आधी आरक्षित करावी लागते, ते पहिल्या कुंडात उतरण्यापूर्वी करून टाक.